सुपात चीज केव्हा घालायचं

भाज्या आणि चीज घालून केलेलं सूप बिघडतं ते बहुतेक वेळा शेवटच्या दोन मिनिटांत. तोपर्यंत कांदा छान परतून झालेला असतो, भाज्या मऊ झालेल्या असतात, दूध घातल्यावर पातेल्याला मऊसर रंग आलेला असतो. मग किसलेलं चीज पडतं. ते विरघळून एकजीव झालं तर सूप जमलं. नाही तर चिवट गोळे होऊन पळीला चिकटतं, वर पिवळ्या तेलाचा तवंग येतो, खालचं दूध पाणचट होतं आणि तोंडात बारीक कण लागतात. अशा वेळी चीज चांगलं नव्हतं म्हणून आपण मोकळे होतो. पण चीजचा दोष क्वचितच असतो. ते पडण्यापूर्वी पातेल्यात काय तयार झालं होतं आणि आच किती होती, यावर सगळं ठरतं.

मी घरी नेहमी करते ते सूप ब्रोकोली आणि चेडरचं. हा जोड अमेरिकेतल्या घरांत आणि उपाहारगृहांत रुळलेला आहे. चेडर मात्र इंग्लंडमधलं, सॉमरसेट परगण्यातल्या त्याच नावाच्या गावचं. तिथून ते अमेरिकेत गेलं. आता आपल्याकडच्या दुकानांतही ते सहज मिळतं, आणि ब्रोकोली पुण्याच्या मंडईत फ्लॉवरच्या शेजारीच मांडलेली असते. त्यामुळे सामान मिळण्याची अडचण उरलेली नाही. अडचण आहे ती चीज तापल्यावर कसं वागतं हे ठाऊक नसण्याची.

दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असतं. त्याचे अतिसूक्ष्म पुंजके दुधात तरंगत असतात. कॅल्शियममुळे प्रत्येक पुंजका आतून बांधलेला राहतो, आणि त्याच्या पृष्ठभागावर केसांसारखे धागे असल्यामुळे दोन पुंजके एकमेकांना चिकटत नाहीत. चीज करताना दुधात रेनेट घालतात. ते हे बाहेरचे धागे कापून टाकतं. मग पुंजके एकमेकांना चिकटतात, त्यांचं जाळं तयार होतं आणि त्या जाळ्यात दुधातली स्निग्धता आणि थोडं पाणी अडकून राहतं. चेडरच्या १०० ग्रॅममध्ये साधारण तिसरा हिस्सा स्निग्धांश असतो, तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त पाणी आणि उरलेलं मुख्यतः प्रथिन. म्हणजे हातात घेतलेला चीजचा तुकडा घट्ट लागला, तरी त्यात तेल आणि पाणी एकाच घरात राहत असतात आणि केसीनचं जाळं त्यांना धरून असतं.

आता ते तापवा. आधी स्निग्धता पातळ होते. मग जाळ्याच्या गाठी सैल पडतात आणि चेडर ६५ अंश सेल्सियसच्या आसपास वाहू लागतं. आपल्याला हवी असते ती हीच अवस्था. तिथेच थांबलं तर उत्तम. आच तशीच वाढत राहिली, तर सैल झालेलं प्रथिन पुन्हा एकमेकांना घट्ट धरतं आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतं. स्निग्धतेला आवरण उरत नाही, म्हणून ती सुटून वर येते. चिवट गोळे, तेलाचा तवंग आणि पाणचट दूध ही तिन्ही लक्षणं या एकाच घटनेची आहेत. घट्ट झालेलं प्रथिन पुन्हा पूर्ववत होत नाही, त्यामुळे इथून मागे फिरणं कठीण असतं.

आपल्या घरांत हे ज्ञान फार पूर्वीपासून आहे, फक्त ते चीजच्या नावाने नाही. ताकाची कढी करताना आपण ताकाला बेसन लावतो. नुसतं ताक तापवलं तर ते फुटतं, चोथा खाली बसतो आणि वर निवळी राहते. बेसन लावलेलं ताक मात्र मंद आचेवर ढवळत राहिलं तर शेवटपर्यंत एकसंध राहतं, आणि तरीही कढीला खळखळून उकळी येऊ देत नाहीत. बेसनातला स्टार्च तापल्यावर फुगतो, पाणी दाट करतो आणि प्रथिनाच्या कणांच्या मध्ये येऊन त्यांना एकत्र गोळा होऊ देत नाही. चीजच्या सुपात हेच काम मैदा करतो. ज्यांच्या हाताला कढी वळते, त्यांना या सुपातलं अर्धं अधिक काम आधीच येत असतं.

चौघांच्या सुपासाठी मी घेते ते प्रमाण असं: लोणी ३० ग्रॅम, मध्यम कांदा एक, गाजर एक, ब्रोकोली साधारण ३०० ग्रॅम, मैदा ३० ग्रॅम म्हणजे सपाट चार टेबलस्पून, भाज्यांचं पाणी अर्धा लिटर, दूध ४०० मिलिलिटर आणि किसलेलं चीज १२० ते १५० ग्रॅम. यात मैदा आणि एकूण पातळ पदार्थ यांचं नातं महत्त्वाचं आहे. सुमारे ९०० मिलिलिटरला ३० ग्रॅम मैदा सूप पळीवरून सावकाश ओघळेल इतका दाटपणा देतो. यापेक्षा बराच कमी मैदा घातला, तर दाटपणापेक्षाही मोठं नुकसान म्हणजे चीजला मिळणारं संरक्षण कमी होतं. म्हणून हलकं सूप हवं असेल तर मैदा आणि चीज दोन्ही कमी करावं, एकटा मैदा कमी करू नये.

भाज्यांचं पाणी विकतचं लागत नाही. ब्रोकोलीच्या देठाची सोललेली साल, गाजराची टोकं, कोथिंबिरीच्या काड्या, चारसहा मिरे आणि एखादं तमालपत्र पाऊण लिटर पाण्यात वीसएक मिनिटं मंद उकळून गाळून घ्यायचं. परदेशी पाककृतींत सेलेरी लिहिलेली असते. कोथिंबिरीच्या काड्यांची चव निराळी असते हे खरं, पण या सुपात त्या मला अधिक शोभतात. फ्लॉवरप्रमाणेच ब्रोकोलीच्या तुऱ्यांतही अळ्या असू शकतात, म्हणून तुरे मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून मगच घ्यावेत.

जाड बुडाच्या पातेल्यात लोणी वितळवून त्यात बारीक चिरलेला कांदा आणि किसलेलं गाजर घालायचं. कांदा काचेसारखा व्हावा, लालसर नको. लाल कांद्याची चव गोड आणि जड असते, ती चीजच्या खारट आंबटपणावर चढून बसते. गाजराचा रंग स्निग्धतेत उतरतो. त्यातलं कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, लोण्यात विरघळतं. म्हणून ते पाण्यात उकळण्याऐवजी आधी लोण्यात परतलं की अख्ख्या सुपाला केशरी झाक येते. घरचं पांढरं लोणी असेल तर त्यात पाणी बरंच असतं. चुरचुर थांबेपर्यंत ते आटू द्यावं, नाही तर पुढे मैद्याच्या गुठळ्या होतात.

मग मैदा. आच बारीक करून तो भुरभुरायचा आणि दोन-तीन मिनिटं परतायचा. इथे दोन गोष्टी घडतात. मैद्याचा कच्चट वास जातो, आणि मैद्याच्या कणाकणावर लोण्याचं अस्तर बसतं. अस्तर बसलेले कण पाण्यात पडल्यावर एकमेकांना चिकटत नाहीत, सुटे राहून एकेक करून फुगतात. कोरडा मैदा थेट गरम पाण्यात टाकला, तर गोळ्याचा बाहेरचा थर लगेच शिजून बंद होतो आणि आत कोरडं पीठ तसंच राहतं. मैदा तांबूस होईपर्यंत भाजू नये, कारण जास्त भाजलेल्या स्टार्चची दाट करण्याची ताकद कमी होते. मैद्याऐवजी कणीक चालते, पण कोंड्यामुळे सूप थोडं खरखरीत आणि मळकट दिसतं. गहू वर्ज्य असलेल्यांनी तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लोअर घ्यावं, फक्त ते परतण्याऐवजी गार पाण्यात कालवून नंतर लावावं.

आता भाज्यांचं पाणी एकदम ओतायचं नाही. आधी पळीभर, ढवळून लगदा गुळगुळीत झाला की पुन्हा पळीभर, आणि चार-पाच पळ्या जिरल्या की उरलेलं सगळं. इथे ताक घुसळायची लहान रवी फार चांगली चालते. तिचा दांडा दोन तळव्यांत फिरवला की बुडाजवळची गुठळीसुद्धा सुटते. या टप्प्यावर सूप उकळलंच पाहिजे. गव्हाचा स्टार्च ६० अंशांच्या आसपास फुगायला लागत असला, तरी पुरता दाटपणा उकळीच्या जवळ पोचल्यावरच येतो. चीज नंतर घालायचं, याचं हे दुसरं कारण: स्टार्चला उकळी हवी असते आणि चीजला ती सोसत नाही. दोघांना एकाच वेळी न्याय देता येत नाही, म्हणून आधी एकाचं काम पुरं करायचं.

ब्रोकोलीचे देठ फेकू नयेत. वरची धाग्याची साल काढली की आतला गाभा गोड आणि कोवळा असतो. तो बारीक चिरून आधी घालायचा आणि दहा मिनिटं शिजू द्यायचा. तुरे त्यानंतर, पाच-सहा मिनिटांसाठी. या हिशेबामागे रंग आणि वास दोन्ही आहेत. हिरव्या रंगाच्या क्लोरोफिलमध्ये मध्यभागी मॅग्नेशियम असतं. भाजी जास्त वेळ शिजली की तिच्यातल्याच आम्लामुळे ते निघून जातं आणि हिरव्याचा शेवाळी तपकिरी होतो. झाकण ठेवलं तर उडून जाणारी आम्लं पातेल्यातच राहतात आणि रंग लवकर उतरतो. म्हणून तुरे घातल्यावर झाकण नको. वासाचंही तेच. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली या एका कुळातल्या भाज्या, त्यांच्यात गंधकाची संयुगं असतात. त्या जितक्या जास्त शिजतील तितका तो उग्र वास वाढत जातो. ब्रोकोली आवडत नाही म्हणणाऱ्या पुष्कळ मुलांना फक्त जास्त शिजलेली ब्रोकोली मिळालेली असते, असं माझं ठाम मत आहे.

दूध भाज्या शिजल्यावर घालायचं. आधी घातलं तर ते बुडाला लागतं. शिवाय भाज्यांतली सौम्य आम्लं आणि तुरट द्रव्यं दूध नासवू शकतात. मैद्याने दाट झालेल्या पाण्यात तो धोका बराच कमी होतो. म्हशीचं साय न काढलेलं दूध असेल तर वेगळी साय घालायची गरज नसते. दूध गरम करून घातलं की पातेल्यातला उष्मा मोडत नाही. हे सगळं मंद आचेवर एकदा तापून कडेला बुडबुडे दिसायला लागले की थोडा भाग मिक्सरमधून काढायचा आणि परत मिसळायचा. सगळं सूप वाटलं तर भाजीचा दाताखालचा स्वाद जातो, काहीच वाटलं नाही तर पाणी आणि भाजी वेगवेगळी राहतात. निम्म्याला निम्मं हे माझ्या घरी सर्वांना मानवलं आहे. सुपात बटाटा असेल तर तो मात्र मिक्सरमध्ये घालू नये. पात्यांनी त्याच्या पेशी फुटून स्टार्च मोकळा होतो आणि सूप खळीसारखं चिकट होतं. बटाटा पळीच्या मागच्या बाजूने चेपावा.

आणि आता चीज. गॅस बंद करायचा. पातेलं शेगडीवरून खाली घ्यायचं, कारण गरम शेगडी बंद केल्यावरही तापवत राहते. दोन-तीन मिनिटं थांबायचं. बुडबुडे पूर्ण थांबले आहेत पण वाफ चांगली निघते आहे, अशी वेळ पकडायची. तापमापी असेल तर ७० अंशांच्या आसपास. चीज बारीक किसणीने किसलेलं आणि फ्रिजबाहेर अर्धा तास ठेवलेलं असावं. बारीक कीस लगेच वितळतो. मोठा गार तुकडा वितळायला वेळ लावतो, आणि तोवर आपण अधीर होऊन पुन्हा गॅस लावतो. मूठभर कीस घालायचा, एकाच दिशेने सावकाश ढवळायचं, तो दिसेनासा झाला की पुढची मूठ. जोरजोराने घुसळलं तर सैल झालेलं केसीन ओढलं जाऊन त्याचे धागे होतात. पाकिटातलं आधीच किसलेलं चीज घेतलं तर त्याला सुटं राहण्यासाठी स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, ते वितळायला जरा हट्टी असतं. वडी आणून घरी किसणं बरं.

कोणतं चीज घ्यावं, यावर मी बराच विचार केला आहे. जुनं मुरलेलं चेडर चवीला श्रेष्ठ. मुरताना केसीनच्या लांब साखळ्या तुटून लहान होतात आणि त्यांतूनच तो तिखटसर, खमंग स्वाद येतो. पण साखळ्या तुटल्या म्हणजे तेल धरून ठेवणारं जाळंही कमजोर झालं. त्यामुळे जुनं चेडर लवकर तेल सोडतं. कोवळं चेडर नीट वितळतं पण बेचव लागतं. मोझरेला घेतलं तर सुपात लांबच लांब तारा येतात, त्या पिझ्झ्यावर शोभतात, चमच्यावर नाही. पनीर वितळतच नाही. ते आम्लाने आणि उष्णतेने नासवलेलं असतं, त्याचं जाळं उष्णतेने सैल होत नाही, फक्त पाणी सोडतं. सुपात पनीरचे तुकडे टाकायला हरकत नाही, पण ते चीजची जागा घेऊ शकत नाहीत.

मग उरतं प्रोसेस्ड चीज, ज्याच्या चौकोनी वड्या आपल्या प्रत्येक किराणा दुकानात मिळतात. त्याला कमी लेखणारे लोक आहेत. मला मात्र त्यामागची कल्पना फार हुशारीची वाटते. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या टून या गावी वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी चीजमध्ये सोडियम सायट्रेट मिसळून ते तापवलं, आणि न फुटणारं, टिकणारं चीज तयार केलं. १९१६ मध्ये अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं. सायट्रेट केसीनच्या गाठींमधलं कॅल्शियम काढून घेतं आणि त्या जागी सोडियम येतं. कॅल्शियम दोन धाग्यांना बांधून ठेवतं, सोडियम तसं बांधत नाही. मोकळं झालेलं केसीन मग तेलाच्या थेंबाभोवती पसरतं, त्याचं एक अंग तेलाकडे आणि दुसरं पाण्याकडे राहतं, आणि तेल सुटत नाही. आपल्याकडच्या पाकिटांवरही घटकांच्या यादीत सोडियम सायट्रेट किंवा ३३१ हा आकडा दिसतो. त्यातला पिवळसर रंग बहुधा अ‍ॅनॅटोचा, म्हणजे शेंद्रीच्या बियांचा असतो. चेडरलाही तोच रंग देतात.

म्हणून माझा जमलेला मेळ असा आहे: १०० ग्रॅम मुरलेलं चेडर चवीसाठी आणि एक-दोन वड्या प्रोसेस्ड चीज एकजीवपणासाठी. वडीतलं सायट्रेट चेडरलाही सांभाळून घेतं. आधी वडी विरघळवायची आणि मग चेडर घालायचं. प्रोसेस्ड चीज अजिबात नको असेल तर सायट्रेट घरी करता येतं. पाव टीस्पून खाण्याचा सोडा वाटीत घेऊन त्यावर लिंबाचा रस थेंबाथेंबाने घालायचा, साधारण टेबलस्पूनभर लागतो. फेस येणं थांबलं आणि चाखल्यावर ना आंबट ना सोड्यासारखं, फक्त किंचित खारट लागलं की झालं. लिंबातलं सायट्रिक आम्ल आणि सोडा यांचं सोडियम सायट्रेट झालेलं असतं. हे चमचाभर पाणी चीजच्या आधी सुपात घालायचं. सोडा उरू देऊ नये, साबणासारखी चव येते. आणि शाकाहारी घरांनी परदेशी चेडर घेताना हिरवा ठिपका जरूर पाहावा, कारण काही चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने केलेली असतात.

टोमॅटो या सुपात घालू नये असं माझं सांगणं आहे. दुधाचा सामू ६.६ च्या आसपास असतो, टोमॅटोचा साधारण ४.३, आणि केसीन ४.६ ला पूर्ण साकळतं. गरम असताना त्याच्या बऱ्याच आधीच दूध फुटायला लागतं. टोमॅटोच्या सुपात चीज हवं असेल तर ते वाढताना वरून किसावं. आंबटपणाची हौस असेल तर वाडग्यात लिंबाचे चार थेंब पुरतात. लाल भोपळा, दुधी, मका, फ्लॉवर मात्र ब्रोकोलीच्या जागी खुशाल घालावेत. भोपळ्याचं सूप तर आपसूकच दाट होतं, तिथे मैदा २० ग्रॅमवर आणता येतो.

मीठ सगळ्यात शेवटी, चीज विरघळल्यावर चाखून. चेडर आणि प्रोसेस्ड चीज दोन्ही खारट असतात, विकतचं लोणीही खारट असतं. पुष्कळदा मीठ लागतच नाही. थोडं जायफळ किसून घालावं. पुरणात आणि श्रीखंडात आपण ते घालतो, दुधाच्या पदार्थाला ते खुलवतं आणि इथेही तेच करतं. पाश्चात्त्य पाककृतींत मोहरीची पूड असते. त्याऐवजी अर्धा चमचा मोहरी थोड्या पाण्यात फेसून घातली तर चीजची चव एकदम धारदार होते. मोहरीचा तिखटपणा फेसताना तयार होतो आणि आचेवर उडून जातो, म्हणून तीही पातेलं खाली उतरवल्यावरच.

एवढं करूनही कण दिसू लागले, तर ढवळत बसू नये. पातेलं लगेच थंड पाण्याच्या परातीत ठेवावं. दोन टीस्पून कॉर्नफ्लोअर गार दुधात कालवून वेगळं शिजवावं, ते आणि एक प्रोसेस्ड वडी सुपात घालून थोडं थोडं मिक्सरमधून फिरवावं. सुटलेलं तेल बहुतेक परत सामावतं. कण मात्र पूर्णपणे जात नाहीत, पण फिरवल्याने इतके बारीक होतात की फारसे जाणवत नाहीत.

उरलेलं सूप फ्रिजमध्ये खूप घट्ट होतं, कारण थंडीत स्टार्च पुन्हा आवळला जातो. दुसऱ्या दिवशी पाव वाटी दूध घालून अगदी मंद आचेवर, ढवळत, फक्त वाफ निघेपर्यंत तापवावं. मायक्रोवेव्हमध्ये कडेचा भाग आधी उकळतो आणि तिथलं चीज फुटतं, म्हणून तीस-तीस सेकंदांनी काढून ढवळावं. गोठवून मात्र ठेवू नये, बर्फाचे स्फटिक चीज आणि पाणी यांची मिळवणी मोडतात. पाहुणे येणार म्हणून आधी तयारी करायची असेल तर भाज्या आणि मैद्यापर्यंतचं सूप करून ते गोठवावं. दूध आणि चीज त्या दिवशी, पातेलं तापल्यावर.